चार तोंडांचा पत्रा

११ फेब्रुवारी २०१६, गुरुवार

कंपनीत चौदा वर्षं दर दिवाळीला डायरी फुकट मिळायची. एकदाही लिहिली नाही. ही विकत आणली आहे, म्हणून लिहितो.

आज शेडचा ताबा मिळाला. चिकलठाणा एमआयडीसी, अर्धी शेड. उरलेल्या अर्ध्यात कडुबा नावाचा गृहस्थ प्लास्टिकचे टब बनवतो. मधे पत्र्याची भिंत. मिलिंग मशीन, ड्रिल, टेबल, दोन खुर्च्या, सगळं भाड्याने. विकत काही घेतलेलं नाही. हा शहाणपणा माझा.

सोबत बद्रीनाथ आहे. आमच्याच टूलरूममध्ये फिटर होता, सतरा वर्षं कंत्राटावर. नोकरी सोडताना मी त्याला म्हणालो, येतोस का. तो म्हणाला, येतो. एवढीच बोलणी.

बायकोची, मनस्विनीची, एक अट आहे. माझ्या जुन्या साहेबांनी पुण्याला त्यांच्या नव्या कंपनीत माझ्यासाठी जागा एक जूनपर्यंत धरून ठेवली आहे. तोवर शेड चालली तर ठीक, नाहीतर बिऱ्हाड पुण्याला. अट वाजवी आहे. बद्रीनाथला हे सांगण्याचं कारण नाही. उगाच त्याचं लक्ष कामावरून उडेल.

१५ फेब्रुवारी

पहिलं काम मिळालं. वरदचं.

वरद म्हणजे औरंगपुऱ्यातल्या शाळेत माझ्या बाकावर बसणारा. आता इंग्लंडमध्ये असतो. नोकरी कॉम्प्युटरची, नाद मोटारीचा. तिकडे म्हणे मोटार सुट्या भागांत मिळते. सांगाडा, चाकं, पत्रे खोक्यांतून घरी येतात आणि माणूस रविवार-रविवार गॅरेजमध्ये ती जोडत बसतो. इंजिन आपलं आपण शोधायचं. वरदने मोटारसायकलचं बसवलं आहे, चार सिलिंडरचं. वजनाला हलकं आणि पळायला वेडं.

अडचण हवेची आहे. हे इंजिन चार तोंडांनी हवा ओढतं. मोटारसायकलवर त्या तोंडांवर हवा गाळायची पेटी असते, ती टाकीखाली मावते. मोटारीच्या बॉनेटखाली मावत नाही. मग चारही तोंडांवर ॲल्युमिनियमचा एक सपाट पत्रा बसवायचा आणि त्यावर स्पंजाचा फिल्टर. त्या पत्र्याला बेसप्लेट म्हणतात. प्रत्येक इंजिनाच्या तोंडांमधलं अंतर वेगळं, म्हणून ती तयार मिळत नाही. करून घ्यावी लागते.

वरदच्या क्लबात असे चाळीस जण आहेत. मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी त्यांची टेकडी चढायची शर्यत असते. तोवर वरदच्या गाडीवर आपली प्लेट बसली आणि चालली, तर चाळीसही प्लेट आपल्याला.

चाळीस प्लेट म्हणजे शेड चालली.

बद्रीनाथला समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी मोटार हाय, पर इंजिन मोटारसायकलचं?”

“हो.”

“अन् त्यांना आख्खी मोटार इकत मिळत नाय?”

“मिळते.”

“मग?”

“हौस.”

तो म्हणाला, “आमच्या लासूरच्या बाजारात एकानं कडबा कापायच्या मशीनला बुलेटचं इंजिन लावलंय. त्याला बी समदे येडाच म्हनायचे. मशीन चालती.”

२१ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी शेडमधून वरदशी व्हिडिओवर बोललो. प्रश्न असा की त्या तोंडांचं माप इकडे आणायचं कसं. वरदकडे एक पट्टी आहे आणि उत्साह आहे. मी त्याला मोजमापाची पद्धत सांगायला लागलो. अक्ष, संदर्भरेषा वगैरे. त्याचा चेहरा शाळेतल्या भूमितीच्या तासासारखा झाला.

बद्रीनाथ मागून म्हणाला, “गास्केटवाला करतो तसं करा की.”

गास्केटवाला जाड कागद इंजिनाच्या तोंडावर ठेवतो आणि हातोडीच्या गोल बाजूने काठाकाठाने टकटक करतो. काठाच्या धारेने कागद आपोआप कापला जातो. माप घ्यावंच लागत नाही. तोंडाचाच ठसा मिळतो.

मग बद्रीनाथ फोनसमोर बसला आणि वरदला शिकवायला लागला.

“आदी तोंडात फडकी कोंबा. चारी तोंडात. कागदाचा तुकडा आत गेला तर इंजिन खाईल.”

“कोंबली.”

“आता ठोका. अहो, खिळा नाय ठोकायचा. दारावर कोणी पाव्हना आल्यावानी. हळू.”

वरद टकटक करत होता. मधे थांबून कुणाशी तरी इंग्रजीत बोलला. शेजारीण विचारायला आली होती की भिंतीला काही झालंय का.

“अबे हिमांशू,” वरद म्हणाला, “हा माणूस तुला कुठे सापडला?”

“माझ्याकडे असतो,” मी म्हणालो.

९ मार्च

कागद आला, नळकांड्यात गुंडाळून. ठसा सुरेख आहे. गुंडाळी मोडावी म्हणून खिडकीपाशी टेबलावर काचेखाली ठेवला.

पारा आत्ताच अडतीसवर. नळाला पाचव्या दिवशी पाणी. कूलर काढला आहे, पण त्यात घालायला पाणी नाही, म्हणून नुसता पंखा म्हणून वापरतो. घरात एक फायदाही झाला. न्हाणीघराचं दार दोन वर्षं घासत होतं, ते आपोआप नीट लागायला लागलं. सुतार वाचला.

१२ मार्च

काच काढून व्हर्नियरने मोजलं. पहिल्या आणि चौथ्या तोंडाच्या मध्यांतलं अंतर २५३.७ मिलिमीटर. तीनदा मोजलं, तीनदा तेच. मोजण्यातला माझा हात अजून गेलेला नाही.

बद्रीनाथने कागद उचलून हवेत हलवला. कागद खडखडला.

“लई कडक झालाय साहेब. पापडावानी.”

“जाड आहे तो.”

“आला तवा असा वाजत नव्हता.”

मी म्हणालो, वाजण्याचं सोड, भोकांचं बघ. मापं फळ्यावर लिहून दिली. दशांश चिन्हासकट.

१८ मार्च

प्लेट झाली. चार मिलिमीटर जाड, चार गोल भोकं, प्रत्येकाभोवती तीन-तीन बोल्टची छिद्रं.

भोकांचे काठ गोल करावे लागतात. काठ धारदार राहिला तर हवा अडखळते. हे काम बद्रीनाथ हाताने करतो, बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून. त्याच्या खिशात कापूस असतो, शेतातला, सरकी काढलेला. काठावरून तो कापूस फिरवतो. एक तंतू जरी अडकला तरी पुन्हा घासतो. मी म्हणालो, एवढं नको, नुसत्या डोळ्यांनी कुणाला दिसणार आहे.

“हवेला डोळे नसत्यात साहेब,” तो म्हणाला. “तिला लागतं.”

दीड दिवस गेला त्यात. कुरिअर केली. फोटो काढला. मनस्विनीला दाखवला. ती म्हणाली, “छानच आहे. कुणी केली?”

“आम्हीच,” मी म्हणालो. प्रश्न विचित्र होता.

२ एप्रिल

बसत नाही.

वरदचा निरोप आहे तसा उतरवतो: “पहिलं तोंड मस्त बसलं. दुसरं ढकलून बसलं. तिसऱ्याचा बोल्ट जात नाही. चौथ्याचं नाव काढू नकोस.”

एक मिलिमीटरहून जास्त फरक. शर्यत १५ मेला.

४ एप्रिल

सकाळी बद्रीनाथला बोललो. फळ्यावर मापं लिहिलेली असताना एवढा फरक पडतोच कसा. सतरा वर्षांचा अनुभव कुठे गेला. आवाज थोडा चढला असेल. कडुबा टबवाला चहा घेऊन आला होता, तो कप तसाच ठेवून निघून गेला.

बद्रीनाथने ठेवून घेतलेली दुसरी प्लेट आणली (तो नेहमी दोन करतो, एक पाठवायला आणि एक आपल्याकडे). तिच्यावर वरदचा कागद ठेवला. भोकावर भोक तंतोतंत बसलं. केसाचाही फरक नाही.

म्हणजे त्याची चूक नव्हती. मग वरदनेच ठोकताना कागद सरकवला असणार. वरदला तसं कळवलं. त्याने मला शाळेतली एक शिवी कळवली.

बद्रीनाथची माफी मागण्यासारखं काही नव्हतं. गैरसमज होता, तो दूर झाला.

५ एप्रिल

बद्रीनाथ आला नाही.

७ एप्रिल

आजही नाही. फोन बंद. वरदचा कागदही जागेवर नाही.

कडुबा म्हणाला, “शेंद्र्याला नवीन कंपन्या होऊ राहिल्या ना. फिटरची भरती हाय म्हनत्यात.” हे त्याने टबातून डोकं वर न काढता सांगितलं.

मी स्वतः एक प्लेट करायला घेतली. भोकं ठीक पडली. काठ गोल करताना लक्षात आलं की चार तोंडांचे चार वेगळे आकार झाले आहेत. एक तर अंड्यासारखं. ती प्लेट टेबलाखाली ठेवली आहे.

८ एप्रिल

गुढीपाडवा. मनस्विनी म्हणाली, “त्याच्याकडे जाऊन ये.”

“त्याने यायला हवं.”

“तू बोललास. तू जा.”

१० एप्रिल, रविवार

स्कूटरवर गेलो. लासूर स्टेशनच्या पुढे सात-आठ किलोमीटरवर त्याचं गाव. रस्त्याने सगळीकडे टँकर, आणि टँकरमागे घागरी घेऊन पळणारी माणसं. मला उगाच वाटत होतं की तो शेंद्र्याला गेलेला असेल.

तो घरीच होता. अंगणात त्याची आई सारजाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मला पाहून त्या म्हणाल्या, “या. तुमीच ते कागदवाले साहेब का?”

“बद्रीनाथ आहे का?”

“हाय की. कागदाला पानी पाजू राहिला. पाच दिस झाले. हितं म्हशीला पाजायला नाय, अन् ह्यो कागदाला पाजतो.”

आत अंधारी खोली. कोपऱ्यात रांजण, निम्मा भरलेला. त्यावर ओलं फडकं, फडक्यावर दोन काड्या, आणि काड्यांवर वरदचा कागद निजलेला. शेजारी बद्रीनाथ स्टीलची पट्टी घेऊन उकिडवा बसला होता.

“बसा साहेब,” तो म्हणाला. मी ओरडलो होतो हे जणू त्याच्या लक्षातच नव्हतं. “टँकर यायचा होता म्हनून दोन दिस राहिलो. मग म्हनलं, आता ह्याचं बघूनच जावं. फोन पडला पान्यात. तेवढं पानी कसं घावलं त्याला, देव जाने.”

मग त्याने दाखवलं. खोलीच्या दाराला खडूने रेघा मारल्या होत्या. दुपारी कागद बाहेर वाळवला की मध्यापासून मध्यापर्यंत २५३.७, माझंच माप. रांजणावर एक रात्र ठेवला की २५४.६. दोन रात्री ठेवला की २५५ च्या जवळ.

“तिकडं लई ओल. कागद तिकडं फुगलेला. त्या फुगलेल्याला त्यांनी ठोकलं. हितं येऊन खिडकीत वाळला, अन् आकसला. तुमी आकसलेलं मोजलं.” जरा थांबून तो म्हणाला, “बराबर मोजलं. पर आकसलेलं.”

मी वरदला तिथूनच फोन लावला. पट्टीने फक्त एकच अंतर मोज, पहिल्याच्या मध्यापासून चौथ्याच्या मध्यापर्यंत.

“दोनशे पंचावन्न,” वरद म्हणाला. “अबे, हे आधीच विचारायचं होतं ना!”

सारजाबाईंनी चहा दिला. काळा होता. म्हैस आटली आहे.

११ एप्रिल

वरदला सविस्तर मेल लिहिली. विषय: आर्द्रतेमुळे कागदाच्या मापात पडणारा फरक आणि आमची सुधारित पद्धत. दोन आलेख जोडले. मनस्विनीने वाचून पाहिली.

“‘माझ्या लक्षात आलं’ असं लिहिलंयस.”

“बरं, ‘आमच्या’ करतो.”

“हो ना,” ती म्हणाली आणि भाजी चिरायला निघून गेली.

१४ एप्रिल

कागद नव्याने मागवायला वेळ नाही. माझं म्हणणं, सगळ्या मापांना एका गुणकाने गुणायचं आणि मोकळं व्हायचं. बद्रीनाथचं म्हणणं, कागद उभा वेगळा फुगतो आणि आडवा वेगळा, बोल्टची छिद्रं पुन्हा तिरकी जातील. कागदालाच त्याच्या मूळ मापावर आणायचा आणि त्याच अवस्थेत प्लेटवर खुणा करायच्या.

त्यासाठी ओल हवी. शेडमध्ये प्यायच्या पाण्याचा एक जार आहे. शहरातली सगळी ओल सध्या टँकरमध्ये आहे.

मनस्विनीला सांगितलं. ती म्हणाली, “रविवारी नळाला पाणी आहे. दोन बादल्या कूलरला देते. पण कागद घरी आणा, आणि बद्रीनाथनाही आणा. एकटा तू नको.”

१७ एप्रिल, रविवार

दुपारी बैठकीत कूलर लावला. एप्रिलमधली पहिली गार हवा. कागद दोरीवर, कूलरसमोर. खाली सतरंजीवर प्लेट, पंच, हातोडी. बद्रीनाथ प्लेटपाशी जमिनीवर बसला, तर मनस्विनीने त्याला उठवून खुर्चीवर बसवलं. प्लेट खालीच राहिली. मग तीही टीपॉयवर ठेवावी लागली.

दर दहा मिनिटांनी मी मोजत होतो. २५४.१. २५४.४.

खालच्या मजल्यावरचे लक्ष्मणराव वर आले. ते महसूल खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि इमारतीतल्या प्रत्येक आवाजाची चौकशी करतात.

“कूलर चालू आहे का?” त्यांनी दारातूनच विचारलं.

“कामासाठी आहे,” मी म्हणालो.

“असू द्या, असू द्या.” ते आत येऊन कूलरच्या झोतात बसले. “काय वाळवताय?”

“वाळवत नाय, भिजवू राहिलो,” बद्रीनाथ म्हणाला.

“दुष्काळात?”

“दुष्काळात भिजवायला लागतं. पावसाळ्यात आपोआप भिजतं.”

लक्ष्मणरावांना हे फार पटलं. ते दोन तास बसले.

चार वाजता २५५ भरलं. बद्रीनाथने मला हात धुवायला लावले (“घाम नको लागायला”), कागद दोरीवरून काढून प्लेटवर ठेवला आणि पंच मारायला लागला. बारा छिद्रं, चार मध्य. लक्ष्मणराव कूलरचा झोत सोडून बघायला पुढे सरकले. शेवटचा ठोका मारून त्याने कागद उचलला आणि म्हणाला, “आता वाळू दे त्याला, वाळायचं तेवढं.”

मनस्विनीने त्याला माझ्या कपात चहा दिला. कप कमी पडले असावेत.

२७ एप्रिल

नवी प्लेट कुरिअरने गेली. ते कापसाचं काम झाल्यावरच. या वेळी मी घाई केली नाही.

५ मे

वरदला प्लेट मिळाली. तो एका लग्नाला बाहेरगावी आहे. परतल्यावर बसवून बघेल.

डबा खाऊन झाल्यावर बद्रीनाथने खिशातून एक पाकीट काढलं. शेंद्र्याच्या एका कंपनीचं पत्र. फिटर, कायम नोकरी, बस, कँटीन. एक जूनला हजर व्हायचं.

“फेब्रुवारीच्या आदीच अर्ज टाकला होता. आता बोलावणं आलं. काय करू साहेब?”

सतरा वर्षं ज्या पत्राची त्याने वाट पाहिली ते पत्र. मी म्हणालो, चांगलं आहे, विचार कर. पण मनात वाईट वाटलं. इतके महिने आपल्याबरोबर काम करतोय आणि दुसरीकडे जागा अडवून ठेवल्याचं हा माणूस एका शब्दाने बोलत नाही. विश्वास म्हणून काही असतो.

घरी हे सांगितलं. मनस्विनी हसायला लागली. बराच वेळ हसत होती. कारण सांगितलं नाही.

१६ मे

बसली!

वरदने रात्रीतून चौदा फोटो पाठवले. चारही तोंडं, बाराही बोल्ट, हाताने फिरवून. काल शर्यतीत तो त्याच्या गटात सातवा आला. गेल्या वर्षी शेवटचा होता, कारण गाडी टेकडीच्या पायथ्याशीच राहिली होती. क्लबातल्या एका म्हाताऱ्याने म्हणे प्लेटचे काठ बोट फिरवून पाहिले आणि विचारलं, हे कोणत्या मशीनवर केलंय.

बद्रीनाथला सांगितलं. त्याने बोटाकडे पाहिलं आणि ते पँटला पुसलं.

२३ मे

चाळीसची ऑर्डर लेखी आली. चाळीस माणसं, सव्वीस प्रकारची इंजिनं. बद्रीनाथने सूचना काढली आहे की कागद नको, बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर ठसा ठोका. पत्र्याला हवापाणी लागत नाही. मी ती इंग्रजीत करून पाठवली. वरद म्हणतो, क्लबात सध्या जोरात बिस्किटं खाल्ली जात आहेत.

कागदोपत्री शेड चालली. पण मी आज टेबलाखाली पाहिलं. तिथे माझी अंड्यासारख्या भोकाची प्लेट आहे. चाळीस प्लेट मी केल्या तर तशा होतील.

त्याला थांब म्हणावं, तर कुठल्या तोंडाने? पगार वाढवतो म्हणालो असतो. पण शेंद्र्याला बस आहे.

२६ मे

तीन दिवस वाक्य जुळवतोय. “बद्रीनाथ, तू राहिलास तर बरं होईल.” हे बरोबर वाटत नाही. “बद्रीनाथ, तुझ्या भल्याचं सांगतो.” हे तर खोटंच आहे.

मनस्विनीने विचारलं, “पुण्याला काय कळवलंस?”

“अजून काही नाही.”

“का?”

“तो गेला तर?”

“म्हणजे तो राहिला तर तू राहणार. आणि तो कशावर राहणार?”

तिने उत्तराची वाटही पाहिली नाही.

३० मे, सोमवार

पहिले नऊ पत्रे आले. कशावर गुलाबाची फुलं, कशावर राजवाडा, एकावर कुत्र्याचं पिल्लू आणि त्याच्या कानाच्या जागी भोक. बद्रीनाथने ते टेबलावर ओळीने मांडले. एकाचा काठ घासायला घेतला. मान खाली घालूनच त्याने विचारलं,

“साहेब, तुमचं पुन्याचं काय ठरलं?”

मी विचारलं, कुणी सांगितलं.

“कोन कशाला सांगंल. मशीन भाड्याची, टेबल भाड्याचं. बसायची खुर्ची सुदिक भाड्याची. राहनारा मानूस खुर्ची तरी इकत घेतो.” तो घासत होता. “पुनं का मुंबई, तेवढंच ठावं नव्हतं. मागच्या महिन्यात फोनवर तुमी ‘पुण्याचं बघतो’ म्हनले, तवा ते बी समजलं.”

“आधी का नाही बोललास?”

“तुमी नाय बोलले. म्हनलं, फुरसतीनं सांगतील.”

पलीकडे टबाचं मशीन चालू होतं. ते बंद होईपर्यंत मी उभा राहिलो.

“मला इथेच राहायचं आहे,” मी म्हणालो.

“मग सांगा त्यांना.”

“आत्ता?”

“एक तारखेला दोनच दिस राहिले.”

मी फोन लावला. पुण्याचे साहेब म्हणाले, नक्की ना, ही जागा पुन्हा निघायची नाही. मी म्हणालो, नक्की. त्यांनी शुभेच्छा दिल्या, त्याही थोड्या कोरड्या. फोन ठेवला. वाटलं, आता बद्रीनाथ काहीतरी म्हणेल.

त्याने पत्रा खाली ठेवला, हात पुसले आणि खिशातलं शेंद्र्याचं पत्र माझ्यासमोर धरलं.

“आता माझा लावा. खाली नंबर हाय. तुमीच बोला, मला त्यांच्या भाषेत नाय म्हनता येत नाय. म्या ‘नाय’ म्हनलं की समोरच्याला भांडन वाटतं.”

मी नंबर फिरवला आणि आवाज मोठा केला, म्हणजे त्यालाही ऐकू येईल. भरतीचं काम बघणाऱ्या बाई होत्या. मी त्याचं नाव सांगितलं, पत्राचा क्रमांक सांगितला. ते येऊ शकणार नाहीत, असं सांगितलं.

“ते स्वतः का नाही बोलत? आपण कोण?”

मालक म्हणता आलं असतं. तेच तोंडात आलं होतं. मी बद्रीनाथकडे पाहिलं. तो खिशात कापूस शोधत होता.

“मी त्यांचा भागीदार बोलतोय.”

कापूस शोधणारा हात थांबला.

“भागीदार?” बाई म्हणाल्या. “त्यांच्या अर्जात धंद्याचा कुठेच उल्लेख नाही. कधीपासून?”

“आजपासून,” मी म्हणालो.

“आजपासून नाय,” बद्रीनाथ मागून म्हणाला. “फेब्रुवारीपासून सांगा.”

“फेब्रुवारीपासून,” मी सांगितलं.